विश्लेषण : गाडीला ‘सेल्फ’ लागतो तो कसा? जुन्या मोटारींच्या वायरिंगचा पाया घालणारे चार्ल्स केटरिंग कोण होते?

जुनी पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर किंवा जीप हौसेने पुन्हा रस्त्यावर आणणारे अनेक जण इंजिनावर आणि रंगावर हात सैल सोडून खर्च करतात आणि वायरिंगपाशी अडतात. बॉनेटखाली काळ्या टेपने गुंडाळलेला तारांचा जुडगा असतो. त्यात कुठून काय येते आणि कुठे जाते, हे मूळ मालकालाही ठाऊक नसते. पण या गुंत्यामागे एक पक्की आखणी आहे आणि तिचा बराचसा भाग चार्ल्स फ्रँकलिन केटरिंग या अमेरिकी इंजिनीअरच्या नावावर जातो. आपल्याकडे गॅरेजमध्ये रोज उच्चारला जाणारा ‘सेल्फ’ हा शब्दही त्यांनी यशस्वी करून दाखवलेल्या सेल्फ स्टार्टरचेच लघुरूप आहे.

हँडल मारण्याचे दिवस

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पेट्रोलच्या मोटारीत वायरिंग म्हणावे असे फारसे काही नव्हते. पुढचे दिवे कार्बाइडच्या गॅसवर किंवा रॉकेलवर चालत. ते काडी ओढून पेटवावे लागत. स्पार्कसाठी मॅग्नेटो किंवा कोरड्या बॅटऱ्या असत. इंजिन सुरू करायचे तर गाडीपुढे उभे राहून लोखंडी हँडल मारावे लागे.

हे काम केवळ कष्टाचे नव्हते, धोक्याचेही होते. हँडल मारण्याआधी स्पार्कची वेळ मागे घ्यावी लागे. ती विसरली की पिस्टन वर पोहोचण्याआधीच पेट्रोल पेटे, इंजिन उलटे फिरे आणि हँडल मारणाऱ्याच्या हातावर झटका बसे. मनगट आणि हाताची हाडे मोडण्याचे प्रकार नित्याचे होते. म्हणून अंगठा हँडलभोवती न गुंडाळता बोटांच्या बाजूलाच ठेवावा, असे शिकवले जाई. जुन्या ट्रकवर काम केलेल्यांना ही सवय आजही आठवत असेल.

कॅडिलॅकचे प्रमुख हेन्री लेलँड यांचे स्नेही बायरन कार्टर यांना असाच झटका बसून मृत्यू आला आणि त्यामुळे लेलँड यांनी स्टार्टरचा ध्यास घेतला, अशी कथा मोटारींच्या पुस्तकांत हमखास भेटते. तिचा कालक्रम मात्र नीट बसत नाही. कार्टर १९०८ मध्ये वारले आणि स्टार्टर कॅडिलॅकवर बसला तो १९११ मध्ये. हँडलपासून सुटका हवी, ही गरज मात्र खरी होती आणि ती लेलँड यांनी इतरांच्या आधी मनावर घेतली.

केटरिंग मोटारीकडे कसे वळले?

केटरिंग यांचा जन्म २९ ऑगस्ट १८७६ रोजी ओहायो राज्यातील लाउडनव्हिल गावाजवळच्या शेतावर झाला. लहानपणापासून त्यांचे डोळे अधू होते. वाचन वाढले की डोके इतके दुखे की पुस्तक मिटावे लागे. काही काळ त्यांनी शाळेत शिकवले. पुढे ओहायो स्टेट विद्यापीठात प्रवेश घेतला, पण डोळ्यांनी दगा दिल्याने शिक्षण अर्धवट सोडावे लागले. त्यानंतर त्यांनी टेलिफोन कंपनीच्या लाइनवर काम धरले. खांबांसाठी खड्डे खणायचे, तारा ओढायच्या, एक्स्चेंज उभारायचे.

चरित्रकार हा काळ बहुधा दोन ओळींत उरकतात. पण त्यांच्या पुढच्या कामाची बीजे इथेच दिसतात. बॅटरी, स्विच, रिले आणि लांबवर नेलेली तार यांचा संबंध त्यांनी पुस्तकात पाहण्याआधी हाताने जोडून पाहिला होता. नंतर ते विद्यापीठात परतले. सहाध्यायी त्यांना पाठ्यपुस्तके वाचून दाखवत. १९०४ मध्ये, वयाच्या २८व्या वर्षी, ते विद्युत अभियांत्रिकीचे पदवीधर झाले.

पहिली मोठी नोकरी मिळाली ती डेटन शहरातील नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत. दुकानातील गल्ल्याचे हे यंत्र तेव्हा हाताने दांडी फिरवून चालवत. त्याला विजेची मोटर बसवायची होती. अडचण अशी होती की, तेवढा जोर देणारी मोटर यंत्रापेक्षाही मोठी होईल, असा जाणकारांचा हिशेब होता. केटरिंग यांनी हिशेबाचा पायाच बदलला. दिवसभर फिरणाऱ्या मोटरचे माप क्षणभर फिरणाऱ्या मोटरला का लावायचे? छोटी मोटर काही सेकंद तिच्या नेहमीच्या क्षमतेच्या कितीतरी पट काम करू शकते. तापून खराब होण्याआधी तिला थांबवले म्हणजे झाले. गल्ल्याची मोटर यशस्वी ठरली.

वीज किती लागते यासोबत ती किती वेळ लागते, हेही पाहायचे. जुन्या गाडीची वायरिंग समजून घ्यायची तर हा एक मुद्दा धरून ठेवावा.

गोठ्यातली प्रयोगशाळा

कंपनीतील वरिष्ठ सहकारी एडवर्ड डीड्स यांच्या घरामागे एक कोठार होते. रात्री आणि सुटीच्या दिवशी केटरिंग आणि कॅश रजिस्टर कंपनीतील काही सहकारी तिथे जमत. त्यांनी आधी हात घातला तो स्पार्कच्या प्रश्नाला. तेव्हाच्या पद्धतीत एका स्फोटासाठी ठिणग्यांची सर सोडली जाई आणि कोरड्या बॅटऱ्या लवकर संपत. केटरिंग यांनी रिलेच्या साह्याने प्रत्येक वेळी नेमकी एकच, पण जोरदार ठिणगी पाडून दाखवली. लेलँड यांनी कॅडिलॅकसाठी काही हजार संचांची मागणी नोंदवली आणि १९०९ मध्ये डेटन इंजिनीअरिंग लॅबोरेटरीज कंपनी उभी राहिली. तिच्या आद्याक्षरांतून ‘डेल्को’ हे नाव तयार झाले. स्पॅनिश आणि फ्रेंच भाषांत गाडीच्या डिस्ट्रिब्युटरला ‘डेल्को’च म्हणतात, एवढे ते रुजले.

मग स्टार्टर. इथेही पुन्हा तोच आक्षेप आला, इंजिन फिरवायला फार मोठी मोटर आणि फार मोठी बॅटरी लागेल. केटरिंग यांनी गल्ल्याचेच उत्तर दिले. इंजिनाला दोन-तीन सेकंदच ढकलायचे आहे. १७ फेब्रुवारी १९११ रोजी कॅडिलॅकवर त्यांचा स्टार्टर बसवण्यात आला आणि १९१२च्या मॉडेलपासून तो कारखान्यातूनच मिळू लागला. पेटंटसाठी अर्ज केला तो जून १९११ मध्ये. ते मिळाले ऑगस्ट १९१५ मध्ये.

खरा बदल स्टार्टरचा की जोडणीचा?

स्टार्टरची कल्पना केटरिंग यांच्या आधीही अनेकांनी मांडली होती. दाबलेली हवा, स्प्रिंग, विजेची मोटर असे सगळे प्रयोग झाले होते. केटरिंग यांचे वेगळेपण मोटरपेक्षा जोडणीत आहे. स्टार्टरने बॅटरी रिकामी केली तर ती भरणार कोण? म्हणून इंजिनावर चालणारा डायनॅमो हवा. डायनॅमो आणि बॅटरी गाडीत आलीच आहे, तर दिवेही त्यावरच लावावेत आणि ठिणगीही त्यातूनच घ्यावी. सुरुवात, प्रकाश आणि इग्निशन या तीन वेगळ्या गोष्टी त्यांनी एका बॅटरीभोवती बांधल्या. आज आपण ज्याला वायरिंग म्हणतो, ती इथे जन्मली.

पहिल्या संचात मोटर आणि डायनॅमो हे एकच यंत्र होते. इंजिन सुरू करताना ते मोटर होई, नंतर डायनॅमो. सुरू करताना बॅटरीचे भाग एकामागे एक जोडून २४ व्होल्ट घेतले जात आणि चार्जिंग व दिव्यांसाठी ते समांतर जोडून ६ व्होल्ट. हे सगळे बदलणारा स्विच चांगलाच किचकट होता. पुढे डेल्कोनेही हा प्रकार सोडला आणि एकाच व्होल्टेजची सोपी पद्धत स्वीकारली. हुशार माणसाची पहिली रचना नंतर तिच्याच कारखान्याने साधी करावी, याचे हे चांगले उदाहरण आहे.

परिणाम मोठा होता. हँडल मारावे लागत नाही म्हणून श्रीमंत घरांतील स्त्रिया तोवर विजेवर चालणाऱ्या गाड्या पसंत करत. त्या गाड्यांचा हा मोठा आधार गेला. स्वस्त फोर्ड मॉडेल टीमध्येही १९१९ पासून स्टार्टर मिळू लागला.

आज जुनी गाडी वायर करताना हे कसे उपयोगी पडते?

जुन्या गाडीची वायरिंग नव्याने करायची असेल, तर तार कापण्याआधी कागद घ्यावा. त्यावर आधी बॅटरी काढावी आणि मग केटरिंग यांच्या क्रमाने चार वाटा ओढाव्यात : स्टार्टर, चार्जिंग, इग्निशन आणि दिवे-हॉर्न-वायपरसारखी बाकीची उपकरणे.

स्टार्टरची वाट सर्वांत जाड आणि शक्य तितकी आखूड. लहान मोटारीचा स्टार्टरही थंड इंजिन फिरवताना दीडशे-दोनशे अँपिअर खेचतो, पण काही सेकंदच. त्यामुळे या केबलला सहसा फ्यूज नसतो आणि म्हणूनच ती पत्र्याला घासणार नाही, सायलेन्सरच्या गरम पाइपाजवळून जाणार नाही, याची सर्वांत जास्त काळजी घ्यावी लागते. ही केबल सोलली गेली तर तिला थांबवणारे काहीही मध्ये नसते. सेल्फ दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये, मध्ये दम घेऊ द्यावा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम केटरिंग यांच्या हिशेबातूनच आलेला आहे. ती मोटर क्षणभरासाठीच बनवलेली असते.

वीज परत येण्याची वाट अनेकांच्या लक्षात राहत नाही. गाडीत परतीची तार म्हणून बॉडीच वापरतात. पण इंजिन रबरी पॅडवर बसलेले असते, म्हणजे बॉडीपासून तुटलेले. त्यांना जोडणारी अर्थची पट्टी गंजली किंवा रंगकामात काढून ठेवली आणि पुन्हा लावली नाही, तर स्टार्टरचा प्रवाह दुसरी वाट शोधतो. ती वाट बहुधा चोकची किंवा अ‍ॅक्सिलरेटरची बारीक केबल असते. सेल्फ मारल्यावर चोकची तार चटका बसेल इतकी तापत असेल तर बॅटरी बदलू नका, आधी अर्थ पाहा. नव्याने रंगवलेल्या गाडीत ‘सगळे नवे टाकले तरी दिवे मंद’ या तक्रारीमागेही पुष्कळदा थिंबलखाली राहिलेला रंगच असतो. तिथला रंग खरवडून स्वच्छ पत्रा दिसला पाहिजे.

चार्जिंगच्या वाटेत धोका आहे तो सुधारणेचा. मूळ डायनॅमो जेमतेम २०-२२ अँपिअर देणारा असतो. त्याच्या जागी अल्टरनेटर बसवला की तो दुप्पट किंवा अधिक देऊ शकतो, तार मात्र जुनीच राहते. त्यातून अनेक जुन्या गाड्यांत हा सगळा प्रवाह डॅशबोर्डवरच्या अँपिअर मीटरमधून जातो, म्हणजे फ्यूज नसलेली गरम तार थेट चालकाच्या गुडघ्यांसमोर. अल्टरनेटर घालायचा तर ही तार जाड घ्यायची आणि बॅटरीकडे थेट न्यायची. आधी बॅटरीचे कोणते टोक बॉडीला आहे तेही पाहून घ्यावे. १९६०च्या दशकापर्यंत अनेक ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेले असे.

बाकीच्या तारांना फ्यूज हवेच आणि तेही बॅटरीजवळ. फ्यूज दिव्याला नव्हे, तारेला वाचवतो. त्याच्याआधी बॅटरीच्या बाजूला तार जितकी उघडी, तितका भाग असुरक्षित. इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून तारा नेताना भोकाला रबरी कडी बसवलेली असावी. वीस-तीस सेंटिमीटरवर क्लिप असावी, पण बॉडीवरून इंजिनावर जाणाऱ्या तारेला थोडी ढील ठेवावी, कारण इंजिन हलते. पेट्रोलच्या नळीला तार कधीही बांधू नये. तारांचे रंगही अर्थपूर्ण असतात. ब्रिटिश घडणीच्या गाड्यांत तपकिरी थेट बॅटरीची, पांढरी इग्निशनची, हिरवी इग्निशननंतरच्या फ्यूजची आणि काळी अर्थची. मात्र चाळीस वर्षांत चार मिस्त्रींचे हात लागले असतील तर रंगावर विसंबू नका, टेस्ट लॅम्प लावून खात्री करा.

सहा व्होल्ट आणि बारा व्होल्ट

हेडलाइटचे ६० वॅटचे दोन दिवे घ्या. १२ व्होल्टवर ते मिळून १० अँपिअर घेतात, ६ व्होल्टवर २०. दीड चौरस मिलिमीटरच्या चार मीटर तांब्याच्या तारेत १२ व्होल्टच्या गाडीत साधारण अर्धा व्होल्ट खर्च होतो, म्हणजे चार टक्के. ६ व्होल्टच्या गाडीत जवळपास एक व्होल्ट, म्हणजे सोळा टक्के. बल्बला मिळणारे व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटले तर त्याचा उजेड सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. त्यामुळे ६ व्होल्टच्या गाडीला जाड तार ही चैन नाही. १२ व्होल्टमध्येही हेडलाइटला रिले बसवला की जड प्रवाह डॅशबोर्डच्या स्विचपर्यंत हेलपाटा घालत नाही आणि चाळीस वर्षांचा स्विच जळत नाही.

अमेरिकी गाड्या ६ वरून १२ व्होल्टवर गेल्या त्यातही केटरिंग यांचा अप्रत्यक्ष हात होता. १९२० ते १९४७ ते जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचे प्रमुख होते आणि जास्त दाबाची इंजिने हा त्यांचा आयुष्यभराचा ध्यास होता. असे इंजिन थंड असताना फिरवायला ६ व्होल्टचा स्टार्टर अपुरा पडू लागला. १९५३ पासून जनरल मोटर्सच्या मोठ्या गाड्या १२ व्होल्टवर गेल्या.

यशाची काळी बाजू

केटरिंग यांच्या नावावर १८०हून अधिक पेटंट आहेत. रेल्वेचे डिझेल इंजिन, लवकर वाळणारा रंग अशी बरीच कामे त्यात येतात. हवेने थंड होणाऱ्या, तांब्याच्या पाकळ्या लावलेल्या इंजिनाची शेव्हरोले मात्र १९२३ मध्ये सपशेल फसली आणि गाड्या परत मागवाव्या लागल्या.

पण त्यांच्या चरित्रातील सर्वांत अस्वस्थ करणारे प्रकरण वायरिंगमधूनच निघाले. इंजिनातून ठोके येऊ लागले तेव्हा टीकाकारांनी दोष दिला तो बॅटरी इग्निशनला. दोष आपला नाही हे शोधायचे म्हणून केटरिंग यांनी थॉमस मिजली यांना कामाला लावले. ठोक्यांचे कारण ठिणगीत नव्हे, इंधनात निघाले. आणि डिसेंबर १९२१ मध्ये मिजली यांना उपाय सापडला, पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग. शिसे विषारी आहे हे तेव्हा नवे ज्ञान नव्हते. अल्कोहोल मिसळण्याचा पर्यायही याच चमूने तपासला होता. तरीही १९२३ मध्ये शिसेयुक्त पेट्रोल विकायला आले आणि ते विकणाऱ्या एथिल कंपनीचे पहिले अध्यक्ष स्वतः केटरिंग होते. १९२४ मध्ये न्यू जर्सीतील कारखान्यात हे रसायन बनवताना पाच कामगार दगावले. चौकशी झाली, विक्री काही काळ थांबली आणि पुन्हा सुरू झाली. भारतात शिसेयुक्त पेट्रोल बंद व्हायला २००० साल उजाडले, जगात २०२१. स्टार्टरने किती मनगटे वाचवली याची कोणी मोजदाद केली नसेल. शिशाने किती मुलांच्या मेंदूंना इजा केली, हा हिशेब मात्र अजून मांडला जातो आहे. केटरिंग यांना केवळ थोर संशोधक म्हणून सोडून देता येत नाही ते यामुळे.

१९४५ मध्ये आल्फ्रेड स्लोन यांच्यासह त्यांनी न्यू यॉर्कमध्ये कर्करोग संशोधन संस्था उभारण्यास हातभार लावला. ती आज दोघांच्या नावाने ओळखली जाते. पुढच्याच वर्षी त्यांच्या पत्नी ऑलिव्ह कर्करोगाने गेल्या. केटरिंग यांचे निधन २५ नोव्हेंबर १९५८ रोजी डेटनजवळच्या घरी झाले.

मुंबईशी संबंध काय?

जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे मोटारी जोडण्याचा कारखाना सुरू केला. पेट्यांतून आलेले शेव्हरोलेचे सुटे भाग तिथे जोडले जात. त्यात बॅटरी, स्टार्टर, कॉइल आणि डिस्ट्रिब्युटर असा संपूर्ण संच आला. पुढे १९४४ मध्ये वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या फियाट आणि पद्मिनी मूळच्या इटालियन आराखड्याच्या होत्या. इग्निशन मात्र त्याच घराण्याचे, कॉइलमध्ये साठवलेली वीज पॉइंट उघडताच हजारो व्होल्टच्या रूपात प्लगवर जाते आणि कंडेन्सर पॉइंट जळू देत नाही.

मुंबईतील शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. हौशींकडे उरलेल्या गाड्यांत पॉइंटची फट आजही पातळ पात्याच्या गेजने बघावी लागते. ती अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असते आणि पॉइंट झिजले की पुन्हा लावून घ्यावी लागते.